उभ्या गाडीची हिंडलेली चाकं

जमादादांच्या खिडकीतून कुणी नवी वस्तू सहजासहजी नेली, असं पंपांच्या त्या कारखान्यात कुणाच्या ऐकिवात नाही. कारखान्याचं स्टोअर त्यांच्या ताब्यात. खिडकीला जाळी, जाळीत हात जाईल एवढी चौकोनी फट, आणि फटीच्या पलीकडे दादांचा चष्मा. बाहेरून कुणी काहीही मागो, आतून प्रश्न एकच यायचा: "जुनं जमा केलं?" मोडका पाना द्या, नवा पाना न्या. झिजलेलं ब्लेड द्या, नवं न्या. एकदा खुद्द कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी हातमोजे मागवले. शिपायानं जुना मोजा आणला तो एकच, डाव्या हाताचा. दादांनी नव्या जोडीतला डावा काढून दिला. साहेबांचा फोन आला.

"अहो, एका मोज्याचं मी काय करू?"

"उजवा सापडला की पाठवा, साहेब. त्याचा जोडीदार मी वेगळा काढून ठेवलाय."

उजवा सापडला नाही. साहेबांची बदली झाली, तरी तो नवा उजवा मोजा कप्प्यात तसाच पडून होता.

जमादादा हे नाव असं पडलं आणि पाठोपाठ घरी आलं. घरात चहाची गाळणी फाटली तर फाटकी गाळणी दाखवल्याशिवाय नवी येत नसे. बायको म्हणायची, "बरं झालं, आमच्या लग्नात जुनी बायको जमा करा असं कुणी म्हणालं नाही. नाहीतर तुम्ही अजून रांगेत असता." धाकटा भाऊ लहानपणीची गोष्ट सांगायचा. वडिलांनी वह्या-पेन्सिलींचं कपाट थोरल्याकडे सोपवलं होतं, आणि नवी पेन्सिल हवी असेल तर धाकट्याला जुनीचा तुकडा तळहातावर ठेवून समोर उभं राहावं लागायचं. एकदा तुकडा हरवला, तर त्यानं दोन दिवस परीक्षेचा अभ्यास तोंडी केला.

असा माणूस लोकांना आवडत नसला तरी उपयोगी पडतो. दादा राहायचे त्या चार मजली इमारतीत ज्याला गावाला जायचं असे तो घराची किल्ली दादांकडे ठेवून जाई. दादांच्या घरात शिरल्यावर लगेच उजव्या हाताला एक लाकडी फळी होती, तिला पितळी हूक, प्रत्येक हुकाखाली मजल्याचा आणि घराचा आकडा. कुंड्यांना पाणी घालायला सांगितलं तर दादा जाऊन पाणी घालत. पण त्या घरातला पंखा लावत नसत, आणि खुर्चीवर टेकत नसत. दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई म्हणायच्या, "दादांकडे किल्ली दिली की घराला कुलूप लावलं काय नि नाही काय." दादांना आयुष्यात बढत्या फारशा मिळाल्या नाहीत. त्यांची जी काही पत होती ती त्या फळीवर टांगलेली होती, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. पाहुणा आला की ते त्याला चपला काढायला नेमकं फळीखाली उभं करत.

आता गाड्यांचं. दादांनी गाडी घेतली, साधी, पांढरी, चार दारांची. तीन वर्षांनी धाकट्यानं घेतली ती तीच गाडी. नाव तेच, दारं तीच, रंगही तोच. मधल्या काळात कंपनीनं गाडीचं नवं मॉडेल काढलं होतं, म्हणजे पुढची जाळी बदलली होती, दिवे थोडे तिरके केले होते आणि मुख्य म्हणजे चाकं बदलली होती. दादांच्या गाडीला लोखंडी चाकं आणि त्यांच्यावर करड्या प्लास्टिकची झाकणं. धाकट्याच्या गाडीला अलॉयची चाकं, दहा काड्यांची, उन्हात डोळे दिपवणारी. शिवाय दादांचं एक झाकण एका वळणावर उडून गेलं होतं. दोन रविवार त्यांनी त्या वळणावरची झुडपं धुंडाळली. नवं झाकण मात्र घेतलं नाही, कारण जमा करायला जुनं हातात नव्हतं. नियम म्हणजे नियम. गाडी तीन झाकणांवर चालली होती.

पार्किंगमध्ये दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या. तळमजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर खिडकीत बसून दोघींकडे बघत. एकदा म्हणाले, "दादा, तुमची नि धाकट्यांची गाडी एकच म्हणे? वाटत नाही हो."

हे दादांनी सोसलं. बायकोच्या भावाचं बोलणं मात्र त्यांच्या जिव्हारी लागलं. या मेहुण्याची नजर विचित्र होती. नसलेलं त्याला लांबून दिसे, असलेलं समोर धरलं तरी दिसत नसे. सगळ्या नातेवाइकांच्या देखत तो झाकण नसलेल्या चाकाशी वाकला आणि म्हणाला, "दाजी, गाडी छान आहे. चाकं पुढच्या वर्षी घेणार का?" सगळे हसले. दादांची बायकोही हसली, आणि ते दादांनी मनात जमा करून ठेवलं.

पुढे धाकट्याला परदेशात नोकरी लागली. बायकोला घेऊन तो निघाला, जाताना गाडीची किल्ली दादांच्या हातात ठेवली.

"दादा, आठवड्यातून एकदा सुरू करत जा, बॅटरी उतरायला नको. आणि लागली तर खुशाल फिरव."

"दुसऱ्याची वस्तू मी वापरत नाही," दादा म्हणाले.

"अरे, दुसऱ्याची कुठं? माझी आहे."

"तेच म्हणतोय मी."

किल्ली पहिल्या हुकावर गेली. गाडीवर जमिनीपर्यंत लोंबणारं कव्हर चढलं. दर रविवारी दादा कव्हराखाली शिरत, गाडी सुरू करत, घड्याळात बघून बंद करत. कव्हर वर करताना त्यांचा हात मागच्या चाकापाशी जरा रेंगाळायचा, इतकंच.

अशात मेहुण्याचं नवं घर झालं. रविवारी सगळ्यांनी बघायला या, असा निरोप आला. शुक्रवारी रात्री जेवताना दादा म्हणाले, "धाकट्याची गाडी उभी आहे नुसती."

"मग तीच नेऊ या की," बायको म्हणाली. "भाऊजी म्हणालेच होते, फिरवा."

"छे! लोक म्हणतील भावाची मागून आणली."

"भावाचीच आहे."

दादांनी पोळीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "चाकं मात्र कुणाची ते कुणी विचारत नाही."

बायकोनं वाटी खाली ठेवली. "काय करायचं मनात आहे तुमच्या?"

"अदलाबदल. त्याची चार मला, माझी चार त्याला. चार घेतली, चार जमा केली. यात वापरण्याचा प्रश्न येतोच कुठं?"

"भाऊजींना फोन करून विचारा."

"विचारायचं काय त्यात? सख्खा भाऊ आहे."

"म्हणून तर म्हणते, विचारा. एका फोनचं तर काम आहे."

दादांनी फोन केला नाही. त्यांनी दोन्ही गाड्यांची कंपनीची पुस्तकं काढली आणि जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी उघडली. चाकाचं माप, एकच. बोल्ट चार, दोन्हीकडे चार. बोल्टांमधलं अंतर, तेवढंच. टायरचा आकार, तोच. तीस वर्षं त्यांनी स्टोअरमध्ये याच नियमावर काम केलं होतं, की वर्णन एक म्हणजे वस्तू एक. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुस्तकं मिटली.

शनिवारी दुपारी कोपऱ्यावरचा पंक्चरवाला दोन जॅक घेऊन आला. याच्या तोंडी कायम एकच शब्द, "बसेल." टायर फाटलेला असो, नट आटे गेलेला असो, गिऱ्हाईक घाबरलेलं असो, "बसेल हो, बसेल." त्यानं धाकट्याच्या गाडीची चकचकीत चाकं उतरवून दादांच्या गाडीला चढवली. बसली. अगदी कारखान्यातून येताना बसवल्यासारखी. दादा चार पावलं मागे सरून बघत राहिले. तीन वर्षांनी तरुण झाली होती गाडी.

मग धाकट्याच्या गाडीला मागे दादांची लोखंडी चाकं चढली, तीही बसली. आता पुढची. पंक्चरवाल्यानं चाक बोल्टवर ढकललं, दोन नट आवळले, आणि तळव्यानं चाक फिरवायला गेला. चाक जागचं हललं नाही.

"काय झालं?" दादांनी विचारलं.

"बसतंय, काका. फिरत नाहीये फक्त."

भानगड अशी होती, की नव्या चाकांबरोबर कंपनीनं पुढचे ब्रेकही मोठे केले होते. ब्रेकचा जबडा आधीपेक्षा जाड झाला होता. अलॉयच्या चाकाच्या पोटात त्याला जागा होती, जुन्या लोखंडी चाकाच्या पोटात नव्हती. जबडा आतून चाकाला घट्ट टेकत होता. नवी चाकं जुन्या गाडीला चालत होती, जुनी चाकं नव्या गाडीला चालत नव्हती. पुस्तकात याचा उल्लेख नव्हता. नव्या गाडीची चांगली चाकं काढून तिला जुनी घालणारं कुणी असेल, अशी शंका पुस्तक लिहिणाऱ्याला आली नसावी.

"पण वर्णन एकच आहे," दादा म्हणाले.

"असेल."

"माप एकच आहे. हे बघ, इथं लिहिलंय."

"मग ते पुस्तकच चढवा गाडीला," पंक्चरवाला म्हणाला. मग दादांचा चेहरा बघून त्याला दया आली. "थांबा, आतून थोडं घासतो. मशीन आणतो, हा एवढा लोखंडाचा थर काढला की बसेल. कुणाला दिसणारही नाही."

"खबरदार घासशील तर!"

"मग ब्रेक घासू?"

दादा शेजारी उभ्या असलेल्या कुणाच्या तरी स्कूटरवर मटकन बसले. तेव्हाच सगळं उलटं फिरवता आलं असतं. पण पंक्चरवाल्याला दुसरं काम होतं, मेहुण्याचं घर उद्याच होतं, आणि ती चाकं दादांच्या गाडीला इतकी शोभत होती. शेवटी धाकट्याच्या गाडीचं पुढचं अंग दोन लाकडी ठोकळ्यांवर टेकवण्यात आलं. वरून कव्हर सोडलं. कव्हर जमिनीपर्यंत येत होतं, हे मोठंच नशीब. उरलेली दोन लोखंडी चाकं वर घरात गेली आणि गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांखाली जाऊन बसली.

"हे काय?" बायकोनं विचारलं.

"उद्याचा एक दिवस. सोमवारी परत."

"म्हणजे चार घेतली आणि दोनच जमा केली?"

दादा वाळत घातलेली चादर चाकांवर ओढू लागले. तीस वर्षांत त्यांच्या स्टोअरचा हिशेब पहिल्यांदाच जुळत नव्हता.

रविवारी मेहुण्याच्या दारात त्यांनी गाडी लावली ती वरच्या बाल्कनीतून नीट दिसेल अशी. स्टीअरिंग थोडं फिरवून ठेवलं, म्हणजे पुढचं चाक तिरपं होऊन काड्या दिसाव्यात. मेहुण्यानं घर दाखवलं. फरशी दाखवली, नळ दाखवले, आपोआप हळूच मिटणारी कपाटाची दारं सहा वेळा मिटून दाखवली. दादा दोनदा बाल्कनीत जाऊन "इथून खालचं छान दिसतं" असं म्हणाले. मेहुणा म्हणाला, "कठडा बघा, स्टीलचा आहे." निघताना तो गाडीपर्यंत सोडायला आला. गाडीभोवती फेरी मारली. बॉनेटवर थाप मारली. दादा पुढच्या चाकाशेजारी जाऊन उभे राहिले.

"गाडी धुतलीत वाटतं, दाजी," मेहुणा म्हणाला.

घरी येईपर्यंत दादा नुसते समोर बघून गाडी चालवत होते. बायको मात्र प्रत्येक सिग्नलला नव्यानं हसत होती.

सोमवारी सकाळी चाकं परत लावायची असं ठरलंच होतं. दादा खाली उतरले आणि हेडमास्तर खिडकीतून म्हणाले, "वा! आता वाटते हो तीच गाडी. काय केलंत? एकदम रुबाब आला."

"थोडी देखभाल," दादा म्हणाले, आणि पंक्चरवाल्याकडे न जाता सरळ कामावर गेले.

तो सोमवार पुढे ढकलला तो ढकललाच. आठवड्यांचे महिने झाले. आणि चाकं बदलली तसा मालकही बदलू लागला. पूर्वी दोन्ही हात स्टीअरिंगवर घट्ट धरणारे दादा आता एक कोपर खिडकीबाहेर ठेवू लागले. कामावर जायचा जवळचा रस्ता सोडून दुकानांच्या काचांसमोरून जाणारा लांबचा रस्ता धरू लागले, कारण काचेत चाकं दिसत. एकदा काचेत बघण्याच्या नादात चाक फुटपाथच्या दगडाला घासलं आणि चार काड्यांवर ओरखडा उमटला. दादांनी चंदेरी रंगाची बाटली आणून बारीक ब्रशनं तो भरला. जवळून बघितलं तर कळायचं. पण चाकाच्या इतकं जवळ येतं कोण?

धाकट्याला दिलेला शब्द मात्र ते इमानेइतबारे पाळत होते. दर रविवारी कव्हराखाली शिरून गाडी सुरू करत. पुढचं अंग ठोकळ्यांवर असल्यानं सीटवर बसलेला माणूस किंचित आभाळाकडे तोंड करून बसे. इंजिन घुमत राही, गाडी कुठेच जात नसे.

"दादा, गाडी सुरू करतोस ना?" धाकटा फोनवर विचारी.

"दर रविवारी."

"बाकी ठीक आहे?"

"ठेवलीस तिथंच आहे. तसूभर हललेली नाही."

एकही शब्द खोटा नव्हता. फोन ठेवल्यावर बायको नुसती बघायची आणि दादा विनाकारण फळीवरच्या किल्ल्या सारख्या करत.

मग एका शनिवारी संध्याकाळी धाकट्याचा फोन आला. आवाज खुशीत होता. "दादा, आमचं इथंच राहायचं ठरतंय. गाडी विकून टाकतोय. आणि गिऱ्हाईक कोण माहीत आहे? तुमचे हेडमास्तर! स्वतःहून फोन केला त्यांनी. उद्या सकाळी दहाला बघायला येतील, दाखव तेवढी."

"हेडमास्तर?" दादांच्या तोंडचं पाणी पळालं. "त्यांना कशाला हवी गाडी?"

"जावयाला द्यायचीय म्हणे. पण म्हातारबुवांचा काहीतरी घोटाळा होतोय. मला म्हणाले, तुमच्या गाडीची चाकं दादांच्या गाडीसारखीच आहेत ना? ती फार आवडली आहेत मला. तुझी ती झाकणं, दादा? मला हसूच आलं. मी म्हटलं, समोरच आहे, बघून घ्या."

दादांनी फोन ठेवला. "चाकं बघून गाडी घेतोय तो," ते बायकोला म्हणाले. "माझ्याच गाडीची."

"हात दाखवून अवलक्षण," बायको म्हणाली. "आता तरी भाऊजींना सांगा."

"सकाळी दहाच्या आत सगळं जागच्या जागी असेल. मग सांगायचं काय?"

पंक्चरवाल्याच्या दुकानाला कुलूप होतं. तो सासुरवाडीला गेला होता, उद्या संध्याकाळी यायचा होता. रविवारी उजाडताच दादा स्वतः जॅक आणि पाना घेऊन खाली उतरले. दुसऱ्याच्या हातून जुनं घेऊन नवं देण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला नट सोडवणं किती जड जातं, ते त्या सकाळी त्यांना कळलं. बायको शेवटी स्टूल घेऊन खाली आली आणि सुटलेले नट ओच्यात धरून बसली.

"उजवीकडे फिरतोय तुमचा पाना. तो घट्ट होतोय."

"मला कळतं."

"कळतं तर डावीकडे फिरवा."

बऱ्याच झटापटीनंतर दादांच्या गाडीची पुढची दोन अलॉय उतरली आणि धाकट्याच्या गाडीला चढली. गॅलरीतली दोन लोखंडी चाकं खाली येऊन दादांच्या गाडीला लागली. ठोकळे निघाले. आता मागची राहिली होती. त्या क्षणी दोन्ही गाड्या अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या होत्या. एकीनं दुसरीच्या चपला घालून जावं आणि वाटेत फक्त एकच बदलावी, तशा. आणि तेवढ्यात हेडमास्तर आले. दहाला म्हटलं की आठला हजर. आयुष्यभर ते घंटेच्या आधी शाळेत पोचले होते.

त्यांनी दोन्ही गाड्यांकडे बघितलं. मग काखेतली काठी मागे धरून सावकाश दोघींना एक फेरी घातली. दादांच्या हातात पाना होता, बायकोच्या ओच्यात नट.

"दादा," हेडमास्तर म्हणाले, "यातली कुठली चाकं कुणाची?"

"टायर सारखे झिजावेत म्हणून मधून मधून अदलाबदल करायची असते," दादा म्हणाले. "शास्त्र आहे ते."

"दोन गाड्यांत?"

हेडमास्तर धाकट्याच्या गाडीच्या पुढच्या चाकाशी वाकले, टायरच्या खाचांत नख घालून बघितलं, मग त्या चंदेरी रंगावरून अलगद बोट फिरवलं. थोडा रंग बोटाला आला. तो त्यांनी काठीला पुसला.

"धाकटे म्हणाले, गाडी वर्षभर जागची हललेली नाही."

"नाही हलली. शपथेवर सांगतो."

"म्हणजे गाडी उभी होती आणि चाकं गावभर हिंडून आली?" हेडमास्तरांनी हे पोरगं उशिरा आल्यावर विचारावं तशा शांतपणे विचारलं. एव्हाना वरच्या दोन गॅलऱ्यांत माणसं उभी राहिली होती. हेडमास्तरांनी खिशातून फोन काढला, धाकट्याला लावला, आणि आवाज मोठा केला. "अहो, इथं जरा दादांचं ऐका. मला काही कळेना."

"काय झालं, दादा?" पलीकडून आवाज आला.

दादांनी घसा खाकरला. बायकोकडे बघितलं. ती नट मोजत होती, म्हणजे मोजल्यासारखं करत होती.

"तुझी चाकं मी माझ्या गाडीला लावली होती," दादा म्हणाले. "मेहुण्याकडे जायचं होतं. एका दिवसापुरती. मग राहिली."

"आणि माझी गाडी?"

"ठोकळ्यांवर. माझी चाकं तुझ्या ब्रेकवर बसतात, पण फिरत नाहीत."

मग धाकटा म्हणाला, "मी तुला अख्खी गाडी ने म्हणालो होतो, दादा."

"हो."

"तू म्हणालास, दुसऱ्याची वस्तू मी वापरत नाही."

"हो."

"मी रागावलेलो नाही. पण एक सांग, तेव्हा परीक्षेच्या वेळी मला पेन्सिल द्यायला काय झालं होतं?"

वरच्या गॅलरीत कुणीतरी फस्सकन हसलं आणि आत पळालं. दादा वाकून मागच्या चाकाचा नट सोडवू लागले. या प्रश्नाला वर्णन नव्हतं, माप नव्हतं.

हेडमास्तरांनी गाडी घेतली. अट एकच घातली, चारही टायर नवे हवेत आणि ते दादांनी घालून द्यायचे. टायरच्या दुकानात दादांनी झिजलेले चार जमा केले आणि नवे चार घेतले. व्यवहार चोख झाला. पण बघायला कुणी नव्हतं.

त्यानंतरच्या आठवड्यात इमारतीत अचानक सगळ्यांना किल्ल्यांची गरज पडू लागली. तिसऱ्या मजल्यावरचे शिंपी म्हणाले, पाहुणे येणार आहेत, जादा किल्ली लागेल. वरचे ड्रायव्हिंग शिकवणारे म्हणाले, कुलूपच बदलतोय, आता ती ठेवून काय उपयोग. चौथ्या मजल्यावरच्या आजी तर नुसत्याच आल्या, चहा प्यायल्या, हवापाण्याचं बोलल्या, आणि उठताना म्हणाल्या, "ती किल्ली देतोस का रे, गंजेल उगीच." कुणी आवाज चढवला नाही. उलट सगळे आधीपेक्षा जास्त गोड बोलले, आणि तेच दादांना झोंबलं. प्रत्येकाला त्यांनी किल्ली काढून दिली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या हातून वस्तू जात होती आणि बदल्यात काही येत नव्हतं. फळीवर रिकाम्या हुकांची रांग आणि एकच किल्ली तेवढी उरली. पाहुण्यांनी चपला कुठं काढाव्यात, याबद्दल ते आता काही बोलत नसत.

थोड्या दिवसांनी मेहुण्याकडे चहाला जायचा प्रसंग आला. दादांनी गाडी कुठेतरी झाडामागे लावावी असं बायकोला वाटलं, पण त्यांनी ती दारातच लावली. स्टीअरिंग सरळ ठेवलं. मेहुणा बाहेर आला तो थेट मागच्या चाकाशी वाकला.

"दाजी, झाकण परत उडालं का?"

बायकोनं दादांकडे बघितलं. काहीही सांगता आलं असतं. चाकं दुरुस्तीला दिली आहेत, विकली, आवडली नाहीत. मेहुण्याला इमारतीतलं काही ठाऊक नव्हतं.

"उडालेलं एकदाच," दादा म्हणाले. "मधे तुम्ही बघितलीत ती चाकं भावाची होती. त्याला न विचारता लावली होती मी. जमा केली."

मेहुणा खदखदून हसला. "तुम्ही? दुसऱ्याची वस्तू? न विचारता? ताई, ऐकलंस का, दाजी चेष्टा करायला शिकले!"

"चेष्टा नाही करत मी."

"बास, बास! अहो, गाळणीसाठी ताईला रांगेत उभं करणारे तुम्ही!" त्यानं डोळे पुसले, खिशात हात घातला आणि नव्या घराची नवी कोरी किल्ली काढली. "बरं झालं आलात ते. आम्ही आठ दिवस बाहेर चाललोय. शेजारी नवे आहेत, भरवसा वाटत नाही. तुमच्याकडेच ठेवा."

दादांचा हात पुढे झाला नाही. किल्ली मेहुण्यानंच त्यांच्या शर्टाच्या खिशात टाकली.

घरी आल्यावर त्यांनी ती पहिल्या हुकाला अडकवली आणि समोर उभे राहिले.

"सांगितलंत ना त्याला?" बायको चपला काढता काढता म्हणाली.

"सांगितलं की. विश्वास बसला नाही त्याचा."

फळीवर आता दोन किल्ल्या होत्या. दुसरी नर्सबाईंची. त्यांची सध्या रात्रपाळी चालू होती आणि दिवसा त्या झोपत असल्यानं त्यांना अजून कुणी काही सांगितलेलं नव्हतं. दादांनी ती काढली, तळहातावर ठेवली आणि दुसऱ्या मजल्याकडे जायला जिना उतरू लागले.

"अहो, झोपल्या असतील त्या," बायको मागून म्हणाली.

"उठेपर्यंत थांबतो," दादा म्हणाले.